आकाशात हरवलेल्या वैमानिकाचा माग: घरच्या ट्रंकेपासून शत्रूच्या दप्तरापर्यंत

फ्रान्समध्ये आमियाँ शहराच्या आग्नेयेला हँगार्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या लष्करी स्मशानभूमीतल्या एका पांढऱ्या दगडावर मुंबईचं एक नाव कोरलेलं आहे: लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, रॉयल एअर फोर्स. केंब्रिजला शिकलेले वेलिणकर पहिल्या महायुद्धात २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे एका आसनाचं लढाऊ विमान चालवत. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीवरून परतले नाहीत, आणि स्क्वाड्रनला सांगता येण्यासारखं एवढंच होतं की ते बेपत्ता आहेत. ते जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले होते आणि ३० जूनला त्यांनी प्राण सोडला. जर्मनांनी त्यांचं रीतसर दफन केलं, वर नावही लिहिलं. ते नाव होतं ‘ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर’.

वुमकर म्हणजेच वेलिणकर, हे सिद्ध व्हायला युद्ध संपल्यावर आणखी काळ जावा लागला. तोवर कबर होती, नाव होतं, हुद्दा होता, आणि तरीही माणूस बेपत्ताच होता.

हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ती घरं आहेत, जिथे भिंतीवर गणवेशातला एक तरुण फोटो आहे आणि त्याच्याबद्दल ‘विमान घेऊन गेला, परत आला नाही’ यापलीकडे कोणाला काही ठाऊक नाही. माझा आग्रह सुरुवातीलाच सांगते. हरवलेल्या वैमानिकाचं शेवटचं पान बहुतेक वेळा समोरच्या बाजूच्या माणसाने लिहिलेलं असतं, आणि तेही त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तशा नावाने. आपण आपल्याच बाजूचे कागद, आपल्याच स्पेलिंगने शोधत बसतो आणि काही सापडलं नाही की थांबतो. तिथे थांबायचं नाही.

आधी घर धुंडाळा

इंटरनेट नंतर. आधी माळ्यावरची ट्रंक, कपाटातला वरचा कप्पा, देवघराच्या खालचा खण. तार, शोकसंदेशाचं पत्र, पेन्शनचं पुस्तक, पदक, कमिशनचा म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाल्याचा कागद आणि फोटो, यांतलं काहीही चालेल. फोटो फ्रेममधून हलक्या हाताने बाहेर काढा आणि मागची बाजू बघा. स्टुडिओचा शिक्का, गाव, पेन्सिलीने लिहिलेली तारीख बहुधा तिथेच असते. छातीवरच्या पंखांचं चिन्ह जवळून टिपा. पंखांमधली अक्षरं आणि वरचा मुकुट यांवरून हवाई दल आणि काळ दोन्ही कळतात.

वैमानिकाचं लॉगबुक सापडलं तर अर्धं काम झालं. त्यात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, कामगिरी आणि वेळ अशी ओळीने नोंद असते. दुसऱ्या महायुद्धातल्या वहीत ‘टॅक-आर’ असं वारंवार दिसलं तर शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी केलेली टेहळणी समजा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या हरिकेन स्क्वाड्रन हेच काम करत. ‘डीसीओ’ म्हणजे कामगिरी पार पडली. शेवटच्या पानावर वैमानिकाच्या हस्ताक्षराखाली दुसऱ्याच कोणाचं हस्ताक्षर आणि सही दिसली, तर ती स्क्वाड्रनच्या अधिकाऱ्याने वही मिटताना केलेली असते. त्या पानाचा फोटो सर्वात आधी घ्या, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता.

मग माणसं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोला, हे मुद्दाम सांगते. आत्या, चुलत आजी, माहेरी परत आलेल्या मावशीच्या सासूबाई, यांना तार कोणी वाचली, त्या दिवशी घरात काय शिजत होतं, पेन्शन कोणाच्या नावाने येत असे हे आठवत असतं. पेन्शन कोणाच्या नावाने यायची हा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटेल, पण सरकारी फाइल त्याच नावाने उघडलेली असते. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्या आणि तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. ‘काका जपानवर गेले’ या वाक्याचा अर्थ ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले असा निघू शकतो, पण मूळ वाक्य हातचं घालवायचं नाही.

या सगळ्यातून चार गोष्टी हाती याव्यात: पूर्ण नाव, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन आणि बेपत्ता झाल्याची तारीख. चारांतल्या दोन पक्क्या असल्या तरी पुढे जाता येतं. सेवा क्रमांक असेल तर तो सोन्यासारखा जपा. नावं चुकतात, क्रमांक त्या मानाने कमी चुकतात.

नावाची मोडतोड करून बघा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसांचा शोध सर्वाधिक वेळा इथेच अडतो.

वेलिणकर हे आडनाव इंग्रजीत ‘डब्ल्यू’ने लिहिलेलं सापडतं, ‘व्ही’ने लिहिलेलंही सापडू शकतं. ‘एल’ एक की दोन, मध्ये ‘जी’ आहे की नाही, शेवटी ‘केएआर’ की ‘केईआर’, असे फाटे फुटतच जातात. मूळ मराठीत ते वेलिणकर की वेलिंगकर, हेही इंग्रजी स्पेलिंगवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि पहिलं नाव तर फारच फसवं. ‘श्रीकृष्ण’ हे नाव ‘श्री’ आणि ‘कृष्ण’ असं तोडून लिहिलं की परक्या कारकुनाला ‘श्री’ हे नाव वाटतं आणि भारतीय कारकुनाला ती उपाधी वाटते. म्हणजे एकाच माणसाची नोंद एका यादीत ‘एस’खाली, तर दुसरीत ‘के’खाली.

आता ‘वुमकर’ बघू. एखाद्याने वाटेल ते नाव लिहिलं असं प्रथम वाटतं. कागद घ्या आणि ‘वेलिणकर’ हे नाव इंग्रजीत, अक्षरं एकमेकांना जोडून, घाईने लिहा. ‘आय’ची एक उभी रेघ आणि ‘एन’च्या दोन, या तिन्ही शेजारी-शेजारी आल्या आणि ‘आय’वरचा टिंब राहून गेला, की तिथे सरळ ‘एम’ दिसतो. त्याआधीचे ‘ई’ आणि ‘एल’ बुटके आले, की त्या दोन रेघांचा ‘यू’ होतो. पहिलं अक्षर आणि शेवटचं ‘कर’ जसंच्या तसं. झालं वुमकर! म्हणजे कोणीतरी ते नाव ऐकून नव्हे, तर कुठल्या तरी कागदावरून बघून उतरवलं असावं, असा माझा कयास आहे. तसं असेल तर जखमी वैमानिकाजवळ नाव लिहिलेला एखादा कागद होता किंवा रुग्णालयात त्याची नोंद झाली होती. एका चुकीच्या स्पेलिंगमधून एवढं निघू शकतं.

तुमच्या वैमानिकाच्या नावावर हाच प्रयोग करा. एका कागदावर तीन रकाने आखा: कानाने ऐकून होणाऱ्या चुका, डोळ्याने वाचून होणाऱ्या चुका, आणि नावाचे तुकडे इकडचे तिकडे झाल्याने होणाऱ्या चुका. तिसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाकून बघा. ‘विनायक गणेश’ एवढंच लिहिलेला माणूस ‘गणेश’ आडनावाखाली हमखास सापडतो. हुद्द्यावरही विसंबू नका. जर्मनांनी वेलिणकरांच्या नावाआधी आपल्या सैन्यातला हुद्दा लावलाच होता. ही यादी पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाताशी लागेल.

कोणत्या काळातला माणूस, त्यावर कोणतं दप्तर

ब्रिटिशांचं रॉयल फ्लाइंग कोअर सैन्याचा भाग होतं. १ एप्रिल १९१८ला ते आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र होऊन रॉयल एअर फोर्स झालं. त्यामुळे १९१७मध्ये भरती होऊन १९१८च्या उन्हाळ्यात गेलेल्या माणसाचे कागद दोन ठिकाणी विभागलेले असू शकतात. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एअर ७६’ या मालिकेत हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी आहेत आणि ‘डब्ल्यूओ ३३९’मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या फायली. दोन्हीकडे बघा. त्या युद्धात लढाऊ वैमानिक म्हणून गेलेले भारतीय फार थोडे, म्हणून त्यांची नावं माहीत असावीत: हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि वेलिणकर. सेन १९१७मध्ये पाडले गेले आणि युद्धकैदी झाले. रॉय यांनी जुलै १९१८मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली आणि २२ जुलैला, एकोणिसाव्या वर्षी, ते मारले गेले.

त्या काळासाठी लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने ऑनलाइन ठेवलेले ‘कॅज्युअल्टी फॉर्म’ फार मोलाचे आहेत. नाव ऐकून दचकू नका. तिथे कॅज्युअल्टी म्हणजे मृत्यू असंच नाही. बदली झाली, ताप येऊन दवाखान्यात गेला, रजेवरून परतला, विमान उतरवताना चाक मोडलं, अशी प्रत्येक हालचाल त्या एका कागदावर तारखेनिशी येते. माणूस कोणत्या दिवशी कुठे होता याची साखळी त्यातून तयार होते.

दुसऱ्या महायुद्धातले भारतीय वैमानिक दोन गटांत मोडतात. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची, आणि ‘रॉयल’ हे बिरुद त्याला १९४५मध्ये मिळालं. बहुतेक वैमानिक याच दलात राहून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. पण १९४०मध्ये चोवीस भारतीय वैमानिक इंग्लंडला गेले होते आणि त्यांतले काही ब्रिटिश स्क्वाड्रनमधून उडाले. तुमचा माणूस त्या गटातला असेल तर ‘एअर ८१’ ही मालिका विसरू नका. मृत, जखमी आणि बेपत्ता हवाई सैनिकांच्या चौकशीच्या फायली तिथे आहेत आणि त्या टप्प्याटप्प्याने खुल्या होत आल्या आहेत. कधी त्यात घरच्यांनी पाठवलेली पत्रंही असतात.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांसाठी दिल्ली. कुटुंबीयांनी प्रथम हवाई दलाच्या माजी सैनिकांसाठी असलेल्या संचालनालयाला, म्हणजे सुब्रतो पार्कमधल्या डायरेक्टोरेट ऑफ एअर व्हेटरन्सला लिहावं आणि जोडीला आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावं. युद्धाच्या नोंदी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे असतात. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करताना ‘माझ्या काकांची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर नकार येण्याचीच शक्यता जास्त. ‘अमुक स्क्वाड्रनच्या, अमुक महिन्याच्या नोंदवहीची प्रत’ असं नेमकं मागा. केंद्राच्या अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे. कायद्याच्या कलम ८(३)नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती काही अपवाद सोडता देणं अपेक्षित आहे. ते कलम अर्जात नमूद करा. वैमानिक राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकला असेल तर खडकवासल्याच्या ‘हट ऑफ रिमेंब्रन्स’मध्ये युद्धात कामी आलेल्या माजी छात्रांची नावं आहेत, तिथेही ताडून बघा.

कबर नाही म्हणजे काय?

दोन्ही महायुद्धांतल्या मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी ऑनलाइन खुली आहे. आडनाव टाकून सापडलं नाही तर आडनाव काढून टाका आणि फक्त तारीख आणि दल निवडा. बेपत्ता झाल्याच्या तारखेपासून पुढचे दहा दिवस एकेक करून बघा. वेलिणकर २७ला हरवले आणि नोंद ३०ची आहे. फक्त २७ शोधणाऱ्याला ते सापडणार नाहीत.

नोंद सापडल्यावर तिथेच थांबू नका. पानाच्या खाली मूळ कागदांच्या प्रती जोडलेल्या असतात. देह एका जागेहून दुसऱ्या स्मशानभूमीत हलवला असेल तर आधीची जागा नकाशावरच्या आकड्यांसह दिलेली असते आणि ओळख कशावरून पटली हेही कधी कधी लिहिलेलं असतं: गणवेशाचा तुकडा, ओळखपट्टी, लाकडी क्रूसावरचं नाव. दगडावर काय कोरायचं त्याच्या तक्त्यात घरच्यांनी निवडलेलं वाक्य आणि निवडणाऱ्याचं नाव-पत्ता असू शकतो. दूरचे नातेवाईक शोधण्याचा हा रस्ता माझ्या मते सर्वात सुंदर आहे.

यादीत कबरीऐवजी स्मारकाचं नाव आलं, तर आपल्याकडच्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. युरोपीय सैनिकाच्या बाबतीत स्मारकावर नाव असलं की बहुधा देह सापडला नाही असा अर्थ होतो. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर हरवलेल्या हवाई सैनिकांची नावं फ्रान्समध्ये आरासच्या स्मारकावर, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड आणि युरोपातून उडून हरवलेल्या वीस हजारांहून अधिक जणांची इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर, आणि आग्नेय आशियात हरवलेल्यांची सिंगापूरच्या स्मारकावर आहेत. पण हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला जात असे. इंफाळला अशा ८६८ जणांचं वेगळं दहन-स्मारक आहे. म्हणजे कबर नसणं आणि देह न सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांना ‘त्यांचा देह मिळालाच नाही’ असं सांगण्याआधी स्मारक कोणतं आहे हे दोनदा तपासा.

पुण्यात राहणाऱ्यांनी खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एक सकाळ घालवावी. होळकर पुलाच्या जवळ आहे. सोळाशेहून अधिक दगड तिथे ओळीने उभे आहेत. क्रमांक कुठे, हुद्दा कुठे, दलाचं चिन्ह कोणतं, खालचं वाक्य कोणाचं, हे वाचायची सवय डोळ्यांना लागते.

स्क्वाड्रनची रोजनिशी

दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक स्क्वाड्रन नोंदवही ठेवी. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा आणि फॉर्म ५४१ म्हणजे एकेका उड्डाणाचा तपशील. क्यूच्या दप्तरात त्या ‘एअर २७’ या मालिकेत महिन्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. पहिल्या महायुद्धाचे अहवाल ‘एअर १’मध्ये आहेत, पण ती मालिका म्हणजे अडगळीची खोली आहे, तिच्यासाठी सवड काढून बसावं लागतं.

नवखा माणूस फक्त हरवल्याचा दिवस वाचतो. त्या दिवशी एकच ओळ असते: उड्डाण, वेळ, ढगात शिरताना शेवटचं दिसलं, परतला नाही. त्याआधीचा आठवडा वाचा. विमान कोणतं होतं, तेच विमान दोन दिवसांपूर्वी इंजिनाच्या तक्रारीवरून परत आलं होतं का, पाऊस होता का, त्याच भागात कोणावर विमानवेधी तोफा चालल्या होत्या का, हे सगळं तिथे मिळतं. आणि नंतरचे दोन महिनेही वाचा. पायदळाला अवशेष सापडल्याचा निरोप, कैद्याकडून मिळालेली बातमी, वस्तू घरी पाठवल्याची नोंद अशी उशिरा येते. शेजारून उडणाऱ्या साथीदाराचं नाव टिपून ठेवा. तो पुढे वाचला असेल तर त्याचं लॉगबुक किंवा आठवणी हा तुमचा पुढचा धागा.

विमानही समजून घ्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नव्हतं. त्यामुळे ‘जिवंत पकडला’ याचा अर्थ बहुधा विमान कसंतरी जमिनीवर टेकलं असाच होतो. १९६५ आणि १९७१च्या जेट विमानांत वैमानिकाला बाहेर फेकणारं आसन होतं, पण शत्रूच्या तळावर हल्ला करताना विमानं झाडांच्या उंचीवरून उडत आणि तेवढ्यात वेळ मिळेलच असं नसे.

समोरच्या बाजूचे कागद

१९६५च्या युद्धात ७ सप्टेंबरच्या सकाळी १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या मिस्टेअर विमानांनी पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर हल्ला केला. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या त्यातून परतले नाहीत. काय झालं हे कोणी पाहिलं नव्हतं. पुढे १९७९मध्ये एका ब्रिटिश लेखकाचं, पाकिस्तानी बाजूच्या माहितीवर आधारलेलं पुस्तक आलं. त्यातून उमगलं की पाकिस्तानचं एक स्टारफायटर विमान त्या दिवशी एका मिस्टेअरशी झुंजताना पडलं होतं. त्याच्या वैमानिकाने उडी मारून जीव वाचवला होता, आणि आपलं एकच मिस्टेअर त्या झुंजीत असू शकत होतं. हल्ल्याचं नेतृत्व केलेल्या ओ. पी. तनेजांनी पाठपुरावा केला आणि १९८८मध्ये, तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. आवाजाहून वेगाने उडणारं स्टारफायटर मिस्टेअरसारख्या जुन्या विमानाने पाडलं, ही आपल्या हवाई दलाच्या इतिहासातली विलक्षण घटना समोरच्यांनी लिहिलं म्हणून आपल्याला कळली.

दुसरं उदाहरण अजून मिटलेलं नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे १९७१च्या डिसेंबरात सुखोई-७ विमान घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटच्या हल्ल्यावर गेले आणि परतले नाहीत. पकडलेल्या भारतीय वैमानिकांबद्दलच्या पाकिस्तानी वृत्तपत्रातल्या बातमीत एक नाव होतं ‘टॉम्बे’. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे, यांनी त्या एका शब्दाचा आधार घेऊन अनेक दशकं शोध घेतला. २००७मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचं शिष्टमंडळ पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आलं, पण कोणी सापडलं नाही. वुमकर, टॉम्बे! त्रेपन्न वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या शत्रूंच्या लेखणीतून.

आता हे कागद मिळवायचे कुठे? पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांसाठी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने आपली कार्डं ऑनलाइन खुली केली आहेत. ही कार्डं आडनावाप्रमाणे लावलेली असून प्रत्येकावर एक सांकेतिक क्रमांक असतो. तो मूळ यादीचा क्रमांक आहे. कार्ड बघून थांबू नका, त्या क्रमांकाने मूळ यादी उघडा, कारण पकडल्याची जागा, जखम आणि रुग्णालय तिथे लिहिलेलं असतं. तुमची बिघडलेल्या नावांची यादी इथेच कामाला येते.

जर्मनीतल्या प्रशियाच्या सैन्याचं मोठं दप्तर १९४५मध्ये पॉट्सडॅमवरच्या बॉम्बहल्ल्यात जळालं, त्यामुळे पहिल्या महायुद्धातली जर्मन बाजू उरलेल्या तुकड्यांतून जोडावी लागते. जपानची बाजू त्या मानाने बरी आहे. आशियाई ऐतिहासिक नोंदींसाठी जपान सरकारने चालवलेलं केंद्र २००१पासून सरकारी कागद ऑनलाइन ठेवत आलं आहे. जपानी येत नसेल तर निदान तारीख आणि ठिकाण जपानी लिपीत कसं लिहितात हे शिकून शोधा. पाकिस्तानातल्या निवृत्त हवाई अधिकाऱ्यांनी १९६५ आणि १९७१च्या युद्धांवर इंग्रजीत बरंच लिहिलं आहे. ते मन शांत ठेवून, तारखा आणि जागा टिपत वाचा.

शत्रूच्या दाव्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. हवाई झुंजीत दोन्ही बाजू पडलेल्या विमानांचा आकडा वाढवून सांगतात, आणि त्यात खोटेपणा असतोच असं नाही. धूर सोडत खाली गेलेलं विमान पुढे सावरून घरी जातं आणि पाडणाऱ्याला ते दिसत नाही. विमानाचा प्रकारही चुकतो. ब्रह्मदेशात जपानी सैन्याच्या हायाबुसा विमानांना आपले वैमानिक सर्रास ‘झिरो’ म्हणत, जे जपानी नौदलाचं वेगळंच विमान होतं. दावा स्वीकारण्याआधी तारीख, वेळ, जागा आणि विमानाचा प्रकार या चारांपैकी किमान तीन जुळले पाहिजेत, असा माझा नियम आहे.

घड्याळ आणि नकाशा

आणि वेळ जुळवताना फसगत होते ती इथे. जून १९१८मध्ये जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळाच्या एक तास पुढे होतं. ब्रिटिश अहवालात सकाळी साडेनऊ आणि जर्मन दाव्यात साडेदहा असेल तर ती एकच झुंज असू शकते. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२पासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत, भारताचं घड्याळ आजच्यापेक्षा एक तास पुढे केलेलं होतं. १९६५ आणि १९७१मध्ये पश्चिम पाकिस्तानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे होती. एका वहीत सगळ्या वेळा ग्रिनिच वेळेत बदलून लिहा, मगच तुलना करा.

जागेचंही तसंच. पहिल्या महायुद्धातल्या अहवालात ‘६२डी’ अशा आकड्याने सुरू होणारा संकेत दिसला तर तो खंदकांच्या नकाशाचा क्रमांक आहे. हँगार्डचा परिसर त्याच नकाशात येतो. पुढचं मोठं अक्षर आणि आकडा म्हणजे नकाशावरचा चौकोन. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने हे नकाशे ऑनलाइन ठेवले आहेत आणि आजच्या नकाशावर ते पसरून बघता येतात. ब्रह्मदेशातल्या गावांची नावं जुन्या स्पेलिंगनेच शोधा, आणि एकाच नावाची चार गावं निघतील हे गृहीत धरा.

हाती आलेलं कसं मांडायचं

प्रत्येक वाक्यापुढे समासात एक शब्द लिहा: कागद, साक्ष किंवा कयास. ‘सकाळी उड्डाण केलं’ – कागद. ‘ढगात शिरताना दिसले’ – साक्ष. ‘तोफेचा मारा लागला असावा’ – कयास. वर वुमकरबद्दल मी जे लिहिलं तो कयास आहे, आणि तो तसाच लिहायला हवा. वर्षभराने आपलाच कयास आपल्याला कागद वाटू लागतो, म्हणून ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कुटुंबाला सांगताना घाई नको. बेपत्ता माणसाच्या घरी कोणी आजही कुंकू लावत असेल, श्राद्ध करायचं की नाही यावर दोन भावांत अबोला असेल. अर्धवट सापडलेल्या बातमीने त्या घरात काय होईल याचा विचार आधी करा. शेवटच्या क्षणांचे अंगावर येणारे तपशील असतील तर ‘मला ते सापडलं आहे, तुम्हाला ऐकायचं असेल तेव्हा सांगेन’ एवढंच म्हणा. आणि विमान पडलेल्या जागी कधी पोहोचलात तर काही उकरू नका, काही उचलून आणू नका. फोटो घ्या, जागा टिपा आणि स्थानिक प्रशासनाला कळवा.

नोंदीत चूक असेल किंवा नावच वगळलं गेलं असेल, तर वॉर ग्रेव्हज कमिशन पुराव्यानिशी केलेला अर्ज विचारात घेतं. भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांच्या स्मरणात पूर्वी भेदभाव झाला, हे त्यांच्याच २०२१च्या अहवालाने मान्य केलं आहे. मृत्यू सेवेत असताना किंवा सेवेमुळे झाला याचा समकालीन कागद, जन्म-मृत्यूचा दाखला आणि तुम्ही जुळवलेली साखळी एकत्र जोडा. दिल्लीतली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन लष्करी इतिहासावर काम करते, त्यांनाही एक प्रत पाठवा.

फ्रान्सला जाणं झालं तर आमियाँहून रेल्वेने विलेर-ब्रेतोनो गाठा. हँगार्ड तिथून काही किलोमीटरवर आहे. निघण्यापूर्वी कबरीचा क्रमांक लिहून घ्या, कारण आत ओळी सारख्याच दिसतात. सकाळी उजेड तिरपा असताना कोरलेली अक्षरं नीट उमटतात, फोटो तेव्हाच घ्या. भेट देणाऱ्यांची वही ठेवलेली असेल तर वेलिणकरांचं नाव तिच्यात देवनागरीत लिहा.